शेवटचं पान पडल्यावर बेट टाकायचा की नुसतं चेक म्हणायचं? (पोकर)

गच्चीवरचा_डाव (लातूर)
नमस्कार मंडळी. आम्ही सहा जण दर शनिवारी जेवणं झाल्यावर गच्चीवर पोकर खेळतो, पैशावर नाही, चिंचोक्यावर. साधा चिंचोका पाच, गेरू लावलेला पंचवीस आन चुना लावलेला शंभर. आधी आम्ही सगळे तीन पत्तीवालेच, पोकरचा नाद लागून दोन वर्षं झाली आसतील.

तर परवाचा डाव सांगतो. डीलर मी होतो म्हणजे सगळ्यात शेवटी बोलायची पाळी माझी. ब्लाइंड (पत्ते बघायच्या आधी दोघांनी सक्तीनं घालायचे) पाच-दहा. माझ्या हातात किलवर एक्का आन बदाम राणी. मी तीस केले, बाकीच्यांनी पत्ते टाकले, बिग ब्लाइंडवर (दहा घालणारे) गल्लीतले काका होते (रिटायर शिक्षक), त्यांनी कॉल केला, म्हंजे तेवढेच घातले. पॉट (मधला ढीग) ६५. फ्लॉपला, म्हंजे सगळ्यांसाठी समोर उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, किलवर राणी, बदाम सत्ती, किलवर चौकी. काका चेक (काही न लावता पाळी सोडली), मी चाळीस, काका कॉल. टर्नला (चौथं पान) चौकट दुर्री. काका चेक, मी नव्वद, काका जरा थांबून कॉल. पॉट ३२५. आन रिव्हरला (पाचवं, शेवटचं पान) पडली किलवर नव्वी, म्हंजे समोर तिसरं किलवर, हातात दोन किलवर असणाऱ्याचा फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) झाला. काकांनी चटईवर दोन बोटं वाजवली, चेक.

माझ्या मुठीत चुन्याचा एक आन साधे दोन असे ११० धरलेले होते, टाकावं का टाकू नये करत करत घाम फुटला, शेवटी चेक म्हनलं. काकांनी इस्पिक राणी आन चौकट गुलाम उलटा केला. पॉट माझाच आला, पण सगळे तुटून पडले की येड्या ११० सोडलेस म्हणून.

बरं त्याच्या आदल्या शनिवारी उलटं झालतं. असंच तिसरं पान आलं, मी बिनधास्त दीडशे टाकले, समोरच्यानं चारशे केले, मी आता एवढं घातलंय तर घातलं म्हणून कॉल केला आन त्याचा फ्लश निघाला. म्हंजे टाकलं तरी शिव्या नाही टाकलं तरी शिव्या. शेवटच्या पानाला तुम्ही डोक्यात नेमकं काय बघता हे कुणीतरी नीट सांगा, मी मनापासून विचारायलो.

मोंढ्यावरचा
टाकायचा की राव. एक्का-राणी हातात, समोरच्या राणीशी जोडी, अजून काय पायजे.

परळी_मुक्काम
चेक बरोबर होता. तीन किलवर समोर असताना कशाला अंगावर घ्यायचं. पॉट घरी आला ना, मग झालं.

हिशेबनीस (नांदेड)
दादा, तुम्ही प्रश्न चांगला विचारलाय म्हणून सविस्तर लिहितो, जरा लांब होईल.

"माझे पत्ते पुढे आहेत का" हा प्रश्न फ्लॉपला ठीक आहे. रिव्हरला तो पुरत नाही. रिव्हरला विचारायचं हे की मी टाकल्यावर कॉल कोण करेल. ज्यांना तुम्ही हरवता ते सगळे पत्ते फेकून देणार असतील आणि फक्त तुम्हाला हरवणारेच कॉल करणार असतील, तर तुम्ही पुढे असूनही टाकलेला प्रत्येक चिंचोका वाया गेला. शेवटी बोलायची पाळी तुमची असेल तर हिशेब एका ओळीचा आहे. कॉल किंवा रेज करणाऱ्यांमध्ये (रेज म्हणजे वर चढवणं) निम्म्याहून जास्त तुमच्या खालचे असतील तर टाका, नसतील तर चेक करून पत्ते बघा.

आता तुमचा डाव मोजू, म्हणजे काकांच्या हातात कुठकुठल्या दोन पानांच्या जोड्या असू शकतात ते. राण्या उरल्या दोन, इस्पिक आणि चौकट. राणी-बादशहा म्हणजे २ गुणिले ४ = ८ जोड्या. राणी-गुलाम ८, राणी-दश्शी ८. या २४ जोड्यांना तुम्ही हरवता. हरवणाऱ्यांत फ्लश आले. किलवरची १३ पानं, त्यातली तीन समोर, एक्का तुमच्याकडे, उरली ९. नऊतली कुठलीही दोन धरली तर ३६ जोड्या होतात पण कुणीही शहाणा माणूस किलवर तिर्री-दुर्री घेऊन तीसचा कॉल करत नाही, मोठी आणि लगतची पानं धरली तर दहा-अकरा. राणी-नव्वी २ गुणिले ३ = ६. हातात नव्वीची जोडी घेऊन बसले असतील तर ३. सत्ती, चौकी, दुर्रीच्या जोडीवाले बहुतेक आधीच रेज करून बसले असते, त्यांना सोडतो. झाले साधारण २०.

२४ विरुद्ध २०. म्हणजे पारडं तुमच्याकडं, पण केसभर.

आता खरा मुद्दा. काकांना फ्लश लागला असता तर ते चेक करणारे आहेत का स्वतः टाकणारे? स्वतः टाकणारे असतील तर चेक ऐकल्या क्षणी त्या दहा-अकरा जोड्या यादीतून गेल्या. राहिले २४ विरुद्ध ९, मग डोळे झाकून टाका. हे पत्त्यात नाही, माणसात बघायचं असतं.

मोंढ्यावरचा
एवढ्या जोड्या मोजत बसलं तर कोंबडं आरवल की ओ 🙂

हिशेबनीस (नांदेड)
दर डावाला नाही मोजत भाऊ. घरी बसून दोन-चार डाव मोजले की अंदाज हाताला येतो, जसं तुम्हाला पोत्यात हात घातला की ओल कळते तसं.

उदगीरची_लेक
मला वाटतं इथं एक वेगळीच अडचण आहे आणि ती आपल्या सगळ्यांना तीन पत्तीमुळं लागलेली आहे. तीन पत्तीत चेक नावाची गोष्टच नाही. पाळी आली की चाल द्या, नाहीतर पॅक करा, आणि दोघंच उरले तर पैसे घालून शो मागा. फुकटात पत्ते बघायची सोयच नाही. माझं सासर-माहेर दोन्ही पत्तेवालं, दिवाळीत नणंदा-भावजया रात्र रात्र बसतो, त्यामुळं पोकर शिकले तेव्हा पहिले सहा महिने मी रिव्हरला चेक म्हणायचेच नाही, तोंडातून शब्दच निघायचा नाही, हात आपोआप पुढं जायचा. शेवटी बोलणाऱ्याला पोकरमध्ये जो शो फुकट मिळतो त्याची किंमत तीन पत्तीवाल्याला कळत नाही. मधल्या पत्त्यांसाठी तो फुकटचा शो म्हणजे लई मोठी गोष्ट आहे.

गच्चीवाले दादा, तुमच्या दोन्ही शनिवारांची तुलना करू नका, ते दोन वेगळे डाव आहेत. पहिल्या शनिवारची चूक दीडशे टाकण्यात नव्हती, चारशेला कॉल करण्यात होती. "एवढं घातलंय" हे तीन पत्तीचं वाक्य आहे. घातलेलं पॉटचं झालं, तुमचं राहिलं नाही.

गोदाकाठ (पैठण)
+१ उदगीरच्या ताईंना.

अजून एक भर घालतो. माझ्याकडं दोघं जण खेळायला येतात, दोघंही रिव्हरला टाकतात आणि विचारलं की म्हणतात "त्याला पुढचं पान फुकट कशाला दाखवू". अरे पुढचं पान आहेच कुठं! पाचही पडली. फ्लॉपला, टर्नला ते कारण खरं, समोरच्याचं काहीतरी जुळायचं बाकी असतं. रिव्हरला कुणाचं काही जुळायचं राहत नाही, ज्याचं जे व्हायचं ते झालेलं असतं. म्हणून शेवटच्या बेटला दोनच कारणं उरतात. खालच्याकडून कॉल घ्यायचा, नाहीतर वरच्याला पळवायचं. तिसरं कारण सांगायला लागलात तर हात मागं घ्या.

"अंदाज घ्यायला टाकला" हे पण तसलंच. शेवटी बोलणाऱ्याला चेक केलं की अंदाज फुकट मिळतोच.

परळी_मुक्काम
हे बाकी पटलं.

कंधारी
विषय थोडा सोडून बोलतो, माफ करा. तुम्ही लोक चिंचोक्यावर खेळता हे वाचून बरं वाटलं. आमच्या घरात एकानं मोबाईलवर पैसे लावून खेळून जे केलं ते सांगायची इच्छा नाही, दोन एकर गेलं एवढंच सांगतो. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पांघरुणात उजेड दिसायचा. आम्हाला वाटायचं पोरगं अभ्यास करायलंय.

देवगिरी_पायथा
कंधारी, वाईट वाटलं वाचून. घर सांभाळा.

नवीन लोकांसाठी लिहून ठेवतो, ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा जो ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर झाला त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केलेत, मग तो नशिबाचा असो का कौशल्याचा, पोकर रमी दोन्ही त्यात आले. आणि आपल्याकडं १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आधीपासून आहेच. त्यामुळं या धाग्यावर कुणी ॲपच्या लिंका टाकू नका, चिंचोकेच बरे.

आता मूळ विषय. जॉन फॉन नॉयमन नावाचे गणिती होते, त्यांचा खेळांच्या सिद्धांतावरचा पहिला मोठा लेख १९२८ चा आणि मॉर्गनस्टर्न यांच्यासोबतचं पुस्तक १९४४ चं, त्यात पोकर आणि ब्लफवर (भंगार पत्त्यांवर टाकून समोरच्याला पळवणं) स्वतंत्र भाग आहे. त्यांनी पोकर एकदम सोपा करून घेतला, दोघं खेळाडू, दोघांना एकेक आकडा, एकच बेट. बरोबर आपल्या रिव्हरसारखं, पुढं काही यायचं नाही. उत्तर काय आलं तर सगळ्यात चांगले पत्ते असले की टाका, सगळ्यात भंगार असले तरी अधूनमधून टाका, आणि मधले असले की चेक. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस डोक्यातून जाईना. आपल्याला वाटतं चांगले पत्ते, मग बरे पत्ते, मग वाईट असं उतरत्या क्रमानं टाकायचं असतं. तर तसं नाही. बऱ्या पत्त्यांना पत्ते उघडण्यातच जास्त मिळतं. भंगाराला उघडून काहीच मिळत नाही, म्हणून त्याला पळवापळवी करावी लागते.

गच्चीवाल्यांची एक्का-राणी त्या तिसऱ्या किलवरनं "चांगले" मधून "मधले" मध्ये ढकलली, म्हणून त्यांना घाम फुटला. घाम बरोबर जागी फुटला.

रात्रपाळी
भंगारवरून आठवलं, २००३ ची पोकरची वर्ल्ड सिरीज. ख्रिस मनीमेकर विरुद्ध सॅम फरहा, शेवटचे दोघंच. फरहाकडं राणी-नव्वी आणि बोर्डवर नव्वी सगळ्यात मोठी, म्हणजे वरची जोडी. मनीमेकरकडं बादशहा-सत्ती, फ्लश हुकलेला, स्ट्रेट (ओळीनं पाच पानं) हुकलेली, हातात नुसता बादशहा. रिव्हरला त्यानं होतं नव्हतं सगळं पुढं सारलं आणि फरहानं पत्ते फेकले. मनीमेकर अकाउंटंट होता, ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून तिथं पोचलेला, आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. तो ब्लफ मी कितीतरी वेळा बघितलाय, दर वेळी पोटात गोळा येतो.

म्हणून माझं म्हणणं, रिव्हरला हिंमत पायजे.

हिशेबनीस (नांदेड)
रात्रपाळी, हिंमत पायजे पण तिचाही हिशेब आहे. पॉटच्या निम्मे टाकून ब्लफ करत असाल तर समोरचा तीन वेळा मिळून एकदा तरी पळाला पाहिजे. पूर्ण पॉटाएवढे टाकले तर दोनदा मिळून एकदा. तेवढा पळत नसेल तर ती हिंमत महागात पडते. आणि मनीमेकरसमोर पत्ते फेकू शकणारा माणूस होता. आपल्या गच्चीवर, ओसरीवर बसणारे पत्ते फेकतात का? "बघू तर दे काय आहे" म्हणून कॉल करतात. अशांसमोर ब्लफ कमी करा आणि बऱ्या पत्त्यांवर थोडं थोडं टाकत राहा.

उलट बाजूनं कॉल करायचा असेल तर निम्म्या पॉटाच्या बेटला चारदा मिळून एकदा बरोबर असलं तरी भागतं, पूर्ण पॉटाला तीनदा मिळून एकदा.

मोंढ्यावरचा
हां, आता "थोडं थोडं" वर आलात तर मला बोलू द्या. मी वीस वर्षं अडतीवर बसतोय. गिऱ्हाईक माल बघून उभं राहिलेलं असतं, घ्यायची इच्छा असते पण खात्री नसते. त्याला एकदम वरचा भाव सांगितला की ते पिशवी उचलून पुढच्या दुकानाला जातं. मग राहतं कोण? ज्याला त्या मालाची आधीच गरज आहे आन ज्यानं पुढं चार पैशे जास्तीनं गिऱ्हाईक बघून ठेवलंय तोच. म्हंजे तुम्ही भाव वाढवला की तुमच्यापेक्षा हुशार तेवढा मागं उरतो. हे ११० म्हंजे पॉटाचा तिसरा हिस्सा झाला ना, तिसऱ्या किलवरवर तोसुद्धा जास्त वाटायलाय मला. काकाला राणी-दश्शी धरून उभं ठेवायचं आसल तर भाव अजून खाली पायजे.

उदगीरची_लेक
मोंढेवाले भाऊ, पहिल्या प्रतिसादात "टाकायचा की राव" म्हणणारे तुम्हीच का? 😄 हे लाखातलं बोललात.

मोंढ्यावरचा
टाकायचाच म्हनलोय, कमी टाकायचा म्हनायलोय आता.

बिंदुसरा
पोळ्याच्या करीला आमच्या गावात पारावर डाव बसायचा तेव्हा आमचे आजोबा एक करायचे. शेवटी पैसे टाकायच्या आधी समोरच्याच्या पायाच्या अंगठ्याकडं बघायचे. पत्ते लागले की माणूस तोंड सांभाळतो, हात सांभाळतो, अंगठा सांभाळायचं कुणाच्या लक्षात येत नाही. चटईवर खेळत असाल तर बघून घ्या.

रात्रपाळी
शनिवारपासून मोजे घालून बसतो.

देवगिरी_पायथा
जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या पोकर खेळणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामनं चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवलं होतं, त्याला ना अंगठा ना तोंड. तो कधी पॉटाच्या कितीतरी पट टाकायचा तर कधी अगदी थोडं. म्हणजे किती टाकायचं हा प्रश्न टाकायचं का या प्रश्नाएवढाच मोठा आहे, मोंढ्यावरचा बरोबर आहेत.

गच्चीवरचा_डाव (लातूर)
सगळ्यांचे मनापासून आभार. मधी दोन शनिवार गेले म्हणून उशीर झाला. हिशेबनीस साहेबांनी विचारलं होतं ना काका फ्लश लागल्यावर काय करतात, तर मी सरळ काकांकडंच गेलो सकाळी. ते झाडाला पाणी घालायलते. म्हनलं काका खरं सांगा, किलवर असते तर तुम्ही चेक केलं असतं का टाकलं असतं.

काकांनी नळी खाली ठेवली आन म्हणाले, "चेकच केलं असतं. तू नेहमी टाकतोस ना. तू टाकल्यावर मी चढवलं असतं. मी कशाला आधी बोलू."

मी थंडच पडलो. मी त्यांना वाचायलो होतो आन ते दोन वर्षं मला वाचून बसलेले. मग विचारलं ११० टाकले असते तर राणी-गुलामावर कॉल होता का. म्हणाले होता. राणी-दश्शी? "नाही, तिसऱ्या किलवरवर शंभराच्या वर राणी-दश्शी धरत नसतो मी."

आता हिशेब लावा.

हिशेबनीस (नांदेड)
बाप रे. दादा, हे सोन्यासारखं उत्तर आणलंत.

काका फ्लशनंही चेक करतात म्हणजे ते दहा-अकरा परत यादीत. आणि ११० ला राणी-दश्शी जाणार म्हणजे माझे २४ झाले १६. १६ विरुद्ध २०. म्हणजे त्या दिवशी तुमचा चेक बरोबर होता! तुमच्या मित्रांनी राणी-गुलाम बघून शिव्या घातल्या, पण त्यांनी उघडलेले पत्ते बघितले, न उघडलेले वीस नाही बघितले. मी पण काका स्वतः टाकणारे असावेत असं धरून चाललो होतो, तिथं माझा अंदाज चुकला.

परळी_मुक्काम
मी पहिल्याच दिवशी चेक बरोबर म्हनलो होतो बगा.

उदगीरची_लेक
तुम्ही "कशाला अंगावर घ्यायचं" म्हणून म्हणाला होतात भाऊ, पण उत्तर बरोबर आलं हे मान्य.

दादा, काकांनी तुमची सवय सांगितली ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुम्ही नेहमी टाकता म्हणून ते फ्लश लपवतात. तुम्ही चार-पाच शनिवार रिव्हरला चेक करायला लागलात की त्यांना फ्लशनं स्वतः टाकावं लागेल, नाहीतर त्यांचे चिंचोके बुडतील. आणि ते स्वतः टाकायला लागले की मग त्यांच्या चेकला परत अर्थ येईल.

मोंढ्यावरचा
आन साठ टाकले असते तर? साठला काका राणी-दश्शी धरतात का ते विचारलं का नाही?

गच्चीवरचा_डाव (लातूर)
विचारलं. धरतात म्हणाले.

मोंढ्यावरचा
मग झाले का परत चोवीस!

हिशेबनीस (नांदेड)
झाले. ६० ला २४ विरुद्ध २०, टाकायचा. ११० ला १६ विरुद्ध २०, नाही टाकायचा. पत्ते तेच, काका तेच. फक्त एक अट, काकांनी साठवर चढवलं तर पत्ते खाली ठेवायचे, तिथं "एवढं घातलंय" नको. मोंढ्यावरचा भाऊ, तुम्ही नांदेडला आलात तर आमच्यात बसा एकदा.

मोंढ्यावरचा
दिवाळीनंतर येतो, आता सोयाबीनची आवक चालू हाय, जेवायला वेळ नाही.

बिंदुसरा
काकांचा अंगठा बघितला का?

गच्चीवरचा_डाव (लातूर)
काका मांडी घालून बसतात ओ, अंगठा धोतराखाली.

आन अजून एक. काल त्यांच्या नातवानं हा सगळा धागा त्यांना मोबाईलवर वाचून दाखवलाय. मगाशी जिन्यात भेटले, म्हणाले चुन्याचे बारा चिंचोके फुटलेत, नवीन रंगवून ठेवतो, शनिवारी साडेनऊला या. मी म्हनलं साठचं तेवढं आठवणीत ठेवू नका काका. नुसते हसले आन वर गेले.